साफसफाईनंतर कॉम्प्युटर सुरूच होत नाही? दुकानात नेण्याआधी हे बघा

दिवाळीच्या चार दिवस आधी मावसभावाचा वैरागहून फोन आला. "दादा, सीपीयू मेला."

बार्शीहून सोलापूरला जाताना लागणाऱ्या या वैरागमध्ये त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरण्याचं छोटं दुकान आहे. दिवाळीची झाडझूड म्हणून सकाळी त्यानं कॉम्प्युटर उघडला, ब्रशनं धूळ काढली, सगळं परत जोडलं आणि बटण दाबलं. पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी. ओळखीच्या एका रिपेअरवाल्याला फोन लावला, तर त्यानं न बघताच सांगून टाकलं, "मदरबोर्ड गेला असणार, साडेचार हजार धरून चाल." आणि दुकानात एक कॉलेजची मुलगी उभी. तिच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी, आणि तिची स्कॅन केलेली सगळी कागदपत्रं त्याच कॉम्प्युटरमध्ये.

आम्ही व्हिडिओ कॉलवर पाऊण तासात तो कॉम्प्युटर सुरू केला. मदरबोर्डला काहीही झालं नव्हतं. त्या कॉलवर आम्ही काय काय तपासलं, कोणत्या क्रमानं आणि का, तेच इथं सविस्तर लिहितोय. तुमच्या घरी किंवा दुकानात असं झालं तर मोबाईलवर हा लेख उघडा आणि शेजारी ठेवून एकेक गोष्ट बघत चला.

आधी डोकं शांत ठेवा

आपल्यापैकी बऱ्याच जणांचा पहिला कॉम्प्युटर म्हणजे हातातला मोबाईल. मोबाईल आपण उघडत नाही. बंद पडला की बटण दाबून धरायचं, नाही झाला तर दुकानात. त्यामुळे डेस्कटॉप सुरू झाला नाही की 'डेड झाला' एवढंच सुचतं. पण डेस्कटॉप म्हणजे एकमेकांत खोचलेल्या आठ-दहा वस्तूंचा डबा आहे. (या डब्याला आपल्याकडे सगळेच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतला काडेपेटीपेक्षाही लहान प्रोसेसर. डब्याचं नाव कॅबिनेट. दुकानात मात्र सीपीयू म्हटलं तरी सगळ्यांना कळतं.)

आता विचार करा. सकाळपर्यंत चालू होता. मध्ये एकच गोष्ट घडली, ती म्हणजे तुमचा हात आत गेला. अशा वेळी एखादा भाग नेमका त्याच तासाला आपोआप जळण्यापेक्षा काहीतरी हललं, सैल झालं किंवा लावायचं राहिलं, याचीच शक्यता कितीतरी जास्त. म्हणून पहिला प्रश्न 'काय जळलं?' हा विचारायचाच नाही. 'माझा हात कुठे कुठे लागला?' हे आठवायचं. रॅम काढली होती? पंखा काढला होता? वायरी बाजूला सारल्या होत्या? जिथं हात लागला, तिथूनच तपासायला सुरुवात करा.

मावसभावाला मी हेच विचारलं. तो म्हणाला, "काहीच नाही काढलं." पाच मिनिटांनी म्हणाला, "फक्त रॅम काढून पुसली." लोक असंच सांगतात, कारण पुसण्याला आपण 'काढलं' असं धरतच नाही.

हात लावण्याआधी

भिंतीवरचं बटण बंद करा आणि पिनही बोर्डातून उपसून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे लावलेले असू शकतात. दुसरं कारण कॉम्प्युटरमध्येच आहे. १९९५ साली इंटेलनं एटीएक्स नावाची रचना आणली. तेव्हापासून समोरचं बटण थेट वीज तोडत-जोडत नाही, ते मदरबोर्डला फक्त 'उठ' असा इशारा देतं. म्हणजे शटडाऊन केलेल्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरही ५ व्होल्टचा एक प्रवाह जागाच असतो. बंद कॉम्प्युटरला लावलेल्या माऊसचा लाल दिवा रात्री चमकताना पाहिला असेल, तो याचमुळे. अशा वेळी रॅम काढली-घातली तर ती खरोखरच जाऊ शकते.

पिन काढल्यावर समोरचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. उरलीसुरली वीज निघून जाते. मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला हात लावा आणि काम करताना मधून मधून लावत राहा. अंगावरची स्थिर वीज त्यात उतरते. आपल्याला चटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात, चिप खराब व्हायला त्याहून खूप कमी पुरतात. दिवाळीनंतर सोलापूर भागात हवा कोरडी पडते आणि स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, त्या दिवसांत तर ही सवय हवीच.

एक डबा मात्र कधीही उघडायचा नाही. ज्यात मागची जाड केबल लागते तो एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. घरात २३० व्होल्ट येतात, पण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये त्याचे सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट साठतात आणि पिन काढल्यावरही काही काळ तसेच राहू शकतात. त्याची धूळ बाहेरूनच ब्रशनं काढायची.

आणि मोबाईलनं फोटो काढा. उघडल्या उघडल्या आतले चार-पाच फोटो, प्रत्येक वायरीच्या टोकाचा जवळून एक. खरं तर हे साफसफाईच्या आधी करायचं काम. राहिलं असेल तर निदान आता तरी, पुढचं काही हलवण्याआधी काढा.

बटण दाबलं तरी काहीच होत नाही

ना दिवा, ना पंखा, ना आवाज. अशा वेळी आत डोकावण्याआधी बाहेरचं बघा. बोर्डात मोबाईलचा चार्जर लावून वीज येते का ते तपासा. यूपीएस असेल तर तो चालू आहे का? साफसफाईत यूपीएसचं बटण बंद होतं आणि सगळे कॉम्प्युटरला दोष देत बसतात. यूपीएसवरून पिन काढून थेट भिंतीवरच्या बोर्डात लावून पाहा. कॅबिनेटच्या मागची केबल अर्धवट खोचलेली असते, ती जोर लावून आत ढकला. एसएमपीएसच्या मागे छोटा काळा खटका असेल, तर तो 'शून्या'वर नको, उभ्या रेघेवर हवा. पुसताना फडकं लागून हा खटका पडतो. सगळ्याच एसएमपीएसला तो नसतो, नसेल तर शोधत बसू नका.

इथं एक धोक्याची गोष्ट. काही जुन्या एसएमपीएसच्या मागे एक लाल सरकपट्टी असते. त्यावर ११५ आणि २३० असे आकडे. आपल्या देशात ती कायम २३० वर हवी. साफ करताना ती ११५ कडे सरकली आणि तुम्ही बटण दाबलं, तर मोठा 'फट्' आवाज येऊन एसएमपीएस जळतो. असा आवाज आला असेल किंवा जळका वास येत असेल, तर पुढचं काही करू नका, पिन काढा. मात्र यातही बऱ्याचदा फक्त एसएमपीएस जातो आणि बाकीचं वाचतं.

बाहेरचं सगळं ठीक असेल, तर पिन लावून बटण न दाबता माऊसचा दिवा, मागच्या नेटवर्क केबलजवळचा दिवा किंवा मदरबोर्डवरचा एखादा दिवा लागतो का बघा. एक जरी लागला तरी एसएमपीएस निदान अर्धा जिवंत आहे आणि दोष पॉवर बटणाच्या वायरीत असण्याची शक्यता वाढली. एकही लागत नसेल, तर एसएमपीएसपासून मदरबोर्डला येणारा सर्वांत रुंद, २४ पिनांचा जोड बघा. पिन पुन्हा उपसा, तो जोड एकदा काढा आणि त्याचा आकडा अडकेपर्यंत दाबून बसवा.

पॉवर बटणाची वायर म्हणजे मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात खोचलेला बारीक दोन छिद्रांचा जोड. त्यावर 'पॉवर एसडब्ल्यू' असं लिहिलेलं असतं. शेजारी रिसेटचा आणि दिव्यांचे जोड असतात. ब्रश मारताना सर्वांत आधी हेच निसटतात. दिव्यांच्या जोडांना सुलटं-उलटं असतं, पॉवर बटणाच्या जोडाला नसतं, कसाही लावला तरी चालतो. बटणच खराब झालंय का हे कळायला सोपी युक्ती: रिसेटचा जोड काढून पॉवरच्या दोन पिनांवर लावा आणि रिसेटचं बटण दाबा. सुरू झाला तर बिघाड फक्त बटणात. कित्येक दुकानांत वर्षानुवर्षं कॉम्प्युटर रिसेटच्या बटणावरच सुरू होतात, त्यात काही बिघडत नाही.

मदरबोर्ड पूर्ण बाहेर काढून साफ केला असेल, तर सगळे स्क्रू मोजा. एक जरी कमी भरला तर तो बोर्डाखाली पडला असेल, आणि खाली पडलेला स्क्रू शॉर्ट करतो. कॅबिनेट हलवून खुळखुळतंय का ऐका.

पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी

साफसफाईनंतर सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार हाच. मावसभावाचाही हाच होता.

आधी मॉनिटर. त्यावर 'नो सिग्नल' असं येत असेल तर मॉनिटर चांगला आहे, त्याच्याकडे चित्र पोचत नाहीये. कॅबिनेटमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर मॉनिटरची केबल कार्डाच्या आडव्या जागेतच लावायची, वरच्या मदरबोर्डच्या जागेत नाही. मागच्या बाजूला वाकून, अंधारात केबल लावताना ही चूक नेहमी होते. काहीही न जळता कॉम्प्युटर मेल्यासारखा दिसतो तो यामुळेच.

मग रॅम. इथं जरा जास्त वेळ द्या.

रॅमची पट्टी मदरबोर्डवरच्या लांब खाचेत उभी बसते. डीडीआर ४ च्या पट्टीला २८८ सोनेरी दात असतात, डीडीआर ३ ला २४०. यातले काही दात जरी नीट टेकले नाहीत तरी कॉम्प्युटर पुढे जात नाही. खाचेच्या दोन्ही टोकांना खटके असतात (काही मदरबोर्डवर एकाच टोकाला). खटके उघडा, पट्टी सरळ वर काढा. दातांना बोट लावू नका, कडेला धरा. दातांवर काळपटपणा दिसला तर शाळेतल्या साध्या पांढऱ्या खोडरबरानं हलकेच पुसा. दुकानदार करतात ते हेच, त्यात जादू नाही. फक्त शाईचा खरखरीत रबर वापरू नका, तो सोन्याचा पातळ थर खरवडतो. आणि रबराचा चुरा झटकल्याशिवाय पट्टी परत घालू नका, नाहीतर तोच चुरा खाचेत जाऊन नवा बिघाड होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर उत्तम. हाताला लावायचं सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. सेंटही नको. हो, असं करणारे लोक आहेत.

परत बसवताना पट्टीमधली फट आणि खाचेतला उंचवटा जुळवा. उलटी पट्टी बसतच नाही, बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून बघा. जुळलं की दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर एकेक करून दाबा. 'टक्' असा आवाज येतो आणि खटका आपोआप सरळ होतो. यासाठी लागणारा जोर पहिल्यांदा करणाऱ्याला भीतीदायक वाटतो, मदरबोर्ड जरासा वाकल्यासारखाही दिसतो. नेमक्या या भीतीनंच लोक पट्टी अर्धवट ठेवतात.

व्हिडिओ कॉलवर मावसभावानं दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च रॅमच्या बाजूनं मारला, तेव्हा पट्टीची एक बाजू नखभर वर दिसली. वरून बघताना ती सरळ वाटत होती. त्या बाजूचा खटका उघडाच होता. त्यानं दाबली, टक् झालं.

दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी. आधी एका खाचेत, मग दुसऱ्या. प्रत्येक वेळी पिन काढायची, हे विसरू नका. रॅम काढून घातल्यावर पहिल्यांदा स्क्रीन यायला अर्धा-एक मिनिट लागू शकतं, नव्या डीडीआर ५ वाल्या मशीनला तर त्याहूनही जास्त. दहा सेकंदांत काही दिसलं नाही म्हणून लगेच बटण दाबून बंद करू नका. मोबाईलची सवय इथं नडते.

रॅम ठीक असेल तर प्रोसेसरजवळचा वेगळा वीजजोड बघा. चार किंवा आठ पिनांचा, बहुतेक वेळा मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात. हा लावायचा राहिला तर पंखे मस्त फिरतात आणि स्क्रीनवर काहीच येत नाही, कारण पंख्यांना वीज दुसऱ्या जोडातून मिळते आणि प्रोसेसर उपाशी असतो. ग्राफिक्स कार्ड असेल तर तेही काढून पुन्हा दाबून बसवा, त्याचा खाचेतला खटका आधी मोकळा करून.

कॉम्प्युटर स्वतःही काहीतरी सांगत असतो. १९८१ मध्ये आयबीएमनं पीसी आणला, तेव्हापासून सुरू होताना स्वतःची तपासणी करून स्पीकरमधून 'बीप' देण्याची पद्धत आहे. एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक. लांब बीप पुन्हा पुन्हा येत असेल तर बहुतेक वेळा रॅम. एक लांब आणि दोन-तीन छोटे असतील तर सहसा ग्राफिक्स. कंपनीप्रमाणे अर्थ बदलतात, म्हणून मोबाईलवर बीप रेकॉर्ड करून ठेवा, मदरबोर्डचं मॉडेल बघून नक्की अर्थ शोधता येतो. बऱ्याच नव्या मदरबोर्डवर स्पीकर नसतो, त्याऐवजी कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो दिवा लागून राहतो, तिथं गाडी अडली आहे.

सुरू होतो आणि लगेच बंद पडतो

इथं बोट थेट प्रोसेसरवरच्या पंख्याकडे जातं. पंखा आणि त्याखालचा हीटसिंक काढून साफ केला होता का? इंटेलसोबत येणाऱ्या पंख्याला चार प्लास्टिकचे पाय असतात. त्यातला एक जरी आत टक् करून बसला नाही, तरी हीटसिंक तिरका राहतो, प्रोसेसर काही सेकंदांत १०० अंशांच्या आसपास तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद होतो. समोरासमोरचे, म्हणजे तिरक्या रेषेतले पाय जोडीनं दाबायचे. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच लावायची.

हीटसिंक निघाला असेल तर मधली जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते. मटारच्या दाण्याएवढी पुरते. पेस्ट नसेल तर त्या दिवशी कॉम्प्युटर सुरू करण्याचा हट्ट नको. एएमडीच्या एएम ४ प्रकारच्या मशीनमध्ये आणखी एक गंमत होते, खरं तर गंमत नाही. वाळलेल्या पेस्टमुळे हीटसिंक ओढताना प्रोसेसरच त्याला चिकटून बाहेर येतो आणि खालच्या पिना वाकतात. असं झालं असेल तर तिथंच थांबा आणि जाणकाराकडे न्या. फक्त धूळ काढायची असेल तर हीटसिंक काढायची गरजच नसते.

सुरू झाला, पण पुढे जात नाही

स्क्रीनवर 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' असं आलं तर घाबरू नका. हार्ड डिस्कची चपटी साटा केबल किंवा तिची वीजेची वायर सैल झाली असेल. पिन काढून दोन्ही टोकं दाबून बसवा.

आता मावसभावाची पुढची गोष्ट. रॅम बसली, स्क्रीन आली, आणि इंग्रजीत मजकूर आला की एफ १ दाबा. दाबलं, विंडोज सुरू झालं, सगळे खूश. त्या मुलीचा फॉर्म उघडायला गेला तर ब्राउझर म्हणे, 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट'. साईटच उघडेना. तो म्हणाला व्हायरस आला. मी म्हटलं, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख बघ. २०१६ साल दाखवत होतं.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक ३ व्होल्टची बॅटरी असते, नाव सीआर २०३२. पिन काढलेली असताना घड्याळ आणि सेटिंग ती सांभाळते. पिन लावलेली असते तेव्हा तिला फारसं काम नसतं. दुकानातला कॉम्प्युटर वर्षभर यूपीएसला जोडलेलाच असतो, त्यामुळे बॅटरी कधीच संपून गेलेली असते आणि कुणाला पत्ता लागत नाही. साफसफाईसाठी पिन काढली की घड्याळ मागे जातं. सुरक्षित साईटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, कॉम्प्युटरच्या हिशेबानं आज २०१६ असेल तर ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही, म्हणून ब्राउझर अडवतो. तारीख आणि वेळ दुरुस्त केली, साईट उघडली. साडेनऊला फॉर्मची पावती छापून मुलीच्या हातात पडली. दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या दुकानातून बॅटरी आणून बसवली.

बॅटरी संपल्यानं कधी कधी बायोसची सेटिंगही मूळपदावर जाते. मग हार्ड डिस्क दिसते पण विंडोज उघडत नाही, किंवा निळ्या स्क्रीनवर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. अशा वेळी बायोसमध्ये साटाचा प्रकार (एएचसीआय की रेड) आणि बूटचा प्रकार (यूईएफआय की लेगसी) बदलला का बघायचं. एका वेळी एकच बदल करा आणि आधीच्या सेटिंगचा मोबाईलवर फोटो काढा. घाईघाईत कुणाच्या सांगण्यावरून विंडोज पुन्हा टाकू नका, त्यात तुमचा डेटा जाऊ शकतो. विंडोज ११ वाल्या मशीननं रिकव्हरी की मागितली, तर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं मशीन सुरू केलं होतं ते मोबाईलच्या ब्राउझरमधून उघडा, बहुतेक वेळा की तिथं असते.

पंक्चरच्या दुकानातली हवा

वैरागच्या आसपास दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची मळणी चाललेली असते. मळणी यंत्रातून उडालेला बारीक भुसा आणि काळ्या मातीची धूळ दोन्ही रस्त्यालगतच्या दुकानांत येतं, आणि कॉम्प्युटरचे पंखे ते आत ओढतात. वर्षात एवढा थर बसतो की ब्रशनं निघत नाही. मग लोक काय करतात, डबा गाडीवर घालून पंक्चरवाल्याकडे नेतात आणि हवा मारून घेतात.

हे करू नका. दुचाकीच्या टायरात साधारण ३० पीएसआय हवा भरतात, कॉम्प्रेसरच्या टाकीत ती १०० च्या वर असते. एवढ्या जोरानं बारीक जोड निसटतात आणि पंखा भन्नाट वेगानं फिरून त्याचं बेअरिंग जातं. त्याहून वाईट म्हणजे त्या टाकीत हवेतलं पाणी साचतं, थोडं तेलही असतं. हवेबरोबर त्याचा फवारा मदरबोर्डवर बसतो, धुळीत मिसळून चिखल होतो आणि त्यातून वीज नको तिथं वाहते. हवा मारून आणल्यावर कॉम्प्युटर सुरू होत नसेल, किंवा कुणी ओल्या फडक्यानं आत पुसलं असेल, तर पिन लावायचीच नाही. मदरबोर्डवरची गोल बॅटरी काढा, कॅबिनेट उघडं ठेवून पंख्याखाली दोन दिवस सुकू द्या. उन्हात नको आणि हेअर ड्रायरही नको. ओला असताना बटण दाबलं नसेल तर वाचण्याची शक्यता चांगली असते.

साध्या कामाला रंगाचा एक इंची मऊ कोरा ब्रश आणि हातात धरायचा छोटा ब्लोअर पुरतो. हवा मारताना पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवून तो थांबवून ठेवा.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर

जळका वास, फुगलेला कपॅसिटर, वाकलेली पिन, किंवा वरचं सगळं करूनही काळी स्क्रीन, यातलं काही असेल तर न्या. जाताना 'बंद पडलाय' एवढंच सांगू नका. काय साफ केलं, काय काढलं होतं, पंखे फिरतात का, बीप कसा येतो, हे सांगा आणि रेकॉर्डिंग ऐकवा.

मदरबोर्ड खरोखर गेला तरी डेटा जात नाही. फोटो, टॅलीचा हिशेब, ग्राहकांची कागदपत्रं, सगळं हार्ड डिस्क किंवा एसएसडीमध्ये असतं. ती काढून यूएसबी कन्व्हर्टरनं दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते, डिस्क लॉक केलेली असेल तर मात्र तीच रिकव्हरी की लागते. फॉर्मची तारीख तोंडावर असेल तर आधी हे करून घ्या, दुरुस्ती नंतर. कॅबिनेट दुकानात ठेवून यायचं असेल तर शक्यतो हार्ड डिस्क काढून स्वतःजवळ ठेवा, रॅम किंवा एसएमपीएस तपासायला ती लागत नाही.

'मदरबोर्ड गेला' असं सांगितलं, तर तुमच्यासमोर दुसरी चालू रॅम आणि दुसरा एसएमपीएस लावून दाखवायला सांगा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, चांगला दुकानदार स्वतःहून करतो. आणि नवा मदरबोर्ड बसवलाच, तर जुना परत मागून घ्या.